हिरवळीचे पाणी आणि खत

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील तालुके. दोहोंच्या सीमेवरून भीमा वाहते. येथे हिरवळ राखायची, तर उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले तरी १,००० चौरस मीटरला ५,००० लिटर लागतात. दुष्काळामुळे एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, तो मैदानांवरील पाण्याच्याच वादातून. ओलावामापक जोडलेल्या तुषार संचांमुळे नासाडी बरीच टळते. युरियाचा प्रश्न मात्र उरतो. त्यातील ४६ टक्के नत्राने गवत झपाट्याने वाढते, पाठोपाठ कापणी आणि पाण्याची मागणीही. मुळांनी न शोषलेले नत्र नायट्रेटच्या रूपात भूजलात झिरपते, आणि विहिरीचे पाणी तर शेजारीही पितात. कापलेले गवत जागीच पसरल्यास नत्राची गरज काही अंशी भागते. ते मात्र बहुधा कचऱ्यात जाते.