बोटीवरचा बिनपाण्याचा संडास

एप्रिल लागला, विहिरी आटल्या, की संडासासाठी हंडा वाहायचा कुणी? आपणच. म्हणून आज बिनपाण्याच्या संडासाची गोष्ट.

पूर्वी शिडाच्या जहाजावर संडास नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला असे. घाण थेट समुद्रात. पण अरुंद कालव्यातल्या बोटीने काय करायचं? त्याचं उत्तर जमिनीवर आधीच सापडलं होतं.

इंग्लंडमधल्या फोर्डिंग्टन गावात १८४९ आणि १८५४ साली पटकीची साथ आली. तिथले पाद्री हेन्री मौल यांनी पाहिलं, की मैल्यावर कोरडी माती टाकली तर वास मरतो आणि काही आठवड्यांत त्याची मातीच होते. १८६० साली त्यांनी मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं.

आज तिथल्या कालव्यांत बोटीवर राहणारे कित्येकजण हेच करतात. लघवी एका डब्यात, मैला दुसऱ्यात, वर काथ्याचा भुसा. दोन्ही एकत्र झालं की दुर्गंधी वाढते. डबा भरला की किनाऱ्यावर झाकून कितीतरी महिने कुजवायचं. कच्चं खत भाजीला कधीच घालायचं नाही.

आपल्याकडेही हे नवं नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी खत देणारे सोपे संडास बांधले. माणसाचा मैला माणसाने डोक्यावर वाहू नये, ही त्यांची तळमळ होती.

मग आपल्या डोक्यावरच्या हंड्याचं काय? पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की हा विषय नक्की काढा.