वाटेवरचं गाव

आधी नुसता बर्फ. वीस हजार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी तुम्ही बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला उभे आहात आणि पायाखाली जमीन नाही. ती खाली, कित्येकशे मीटर बर्फाच्या तळाशी आहे. दोन्ही बाजूंच्या डोंगरांची फक्त शिखरं वर दिसतात. दक्षिणेला इन नदीच्या खोऱ्यातली हिमनदी एवढी फुगली आहे की झेफेल्डच्या खिंडीवरून ती उतू जाऊन इकडे सांडते आहे. येताना तिने आल्प्सच्या गाभ्यातले नाइस नावाच्या खडकाचे धोंडे पाठीवर आणलेत. इथले डोंगर चुनखडीचे. बर्फ वितळेल तेव्हा हे परके धोंडे इथे आणि आणखी उत्तरेला पडून राहतील. दक्षिणेकडून या वाटेने आलेला पहिला माल हाच. त्यावर जकात मात्र कुणी घेतली नाही.

बर्फ हटला की खोरं दिसतं. पूर्वेला कार्वेंडेलची भिंत. भिंतच म्हणायला हवी, कारण 900 मीटरच्या थोड्या वर असलेल्या तळापासून ती 2385 मीटरपर्यंत जवळजवळ सरळ उठते आणि मान वर केल्याशिवाय तिचा माथा नजरेत येत नाही. पश्चिमेला वेटरश्टाइनची रांग. मधून इझार. तिरोलच्या डोंगरात उगम पावून शार्निट्सच्या चिंचोळ्या दारातून ती इकडे येते, उत्तरेला म्युनिकला जाते आणि पुढे डॅन्यूबला मिळते. पाणी थंड, हिरवट, पांढऱ्या गोट्यांवरून धावणारं. या खोऱ्यात शेतीला जागा थोडी, उन्हाळा आखूड. जोंधळा-गव्हावर पोट भरेल असं इथलं गाव, मिटेनवाल्ड, कधीच नव्हतं. त्याचं पोट वाटेवर होतं. मिटेनवाल्डची सगळी हकिगत या एका गोष्टीवर फिरते, असं मला वाटतं.

आता तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला या. रोमन लोकांनी ब्रेनर खिंडीवरून येणारा रस्ता नीट बांधून ऑग्सबुर्गपर्यंत नेला आहे. त्यांच्या नकाशात या भागात स्कार्बिया नावाचा मुक्काम आहे. जवळच्या क्लाइस गावापाशी खडकात चाकांच्या खाचा आहेत, त्यात बोटं घालून पाहा. कडा गुळगुळीत झाल्यात. गाडी घसरू नये म्हणून चाकं या खाचांतूनच चालवायची, आणि समोरून दुसरी गाडी आली तर कुणी मागे जायचं यावर भांडायचं. ते भांडण तुम्ही कल्पनेने ऐका, मी पुढे जातो.

मधल्या हजारेक वर्षांत जंगल तोडून वस्ती झाली. 1294 पासून हे गाव फ्रायझिंगच्या बिशपच्या अमलाखाली, वेर्डेनफेल्स नावाच्या छोट्या परगण्यात आहे. म्हणजे बव्हेरियाच्या ड्यूकचं नाही, तिरोलच्या आर्चड्यूकचंही नाही. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधोमध तिसऱ्याच मालकाचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, 1487 मध्ये ती कामाला येणार आहे.

कारण त्या वर्षी तिरोलच्या आर्चड्यूक झिगमुंडाने चांदीच्या खाणींवरून व्हेनिसशी भांडण काढलं आणि बोत्सेनच्या जत्रेला आलेल्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना पकडून त्यांचा माल जप्त केला. आज ज्याला बोल्झानो म्हणतात ते हे बोत्सेन. एवढं झाल्यावर कोणता व्यापारी पुन्हा तिथे दुकान मांडेल? व्हेनिसवाल्यांनी बाजारच उचलला आणि डोंगर ओलांडून, झिगमुंडाचा हुकूम जिथे चालत नाही अशा पहिल्या सोयीच्या गावात आणून टाकला. ते गाव मिटेनवाल्ड.

म्हणून आज तुम्ही वरच्या पेठेत उभे आहात आणि पाय ठेवायला जागा नाही. खेचरं, गाड्या, शिव्या, चार भाषांतला घासाघिशीचा गलका. गाडी थांबली की माल उतरवायचा, हा इथला कायदा. तो गावच्या वखारीत जमा करायचा, तिचं भाडं द्यायचं आणि पुढच्या टप्प्याला तो गावच्याच गाडीवानांनी न्यायचा, पाळीपाळीने. या पद्धतीला ते ‘रॉट’ म्हणतात. बाहेरच्या गाडीवानाने थेट पुढे जायचं म्हटलं तर चालायचं नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही नाडवणूक. गावाच्या दृष्टीने हीच शेती.

वखारीच्या दाराशी एक पोतं फाटलंय, त्यातून काळे दाणे सांडलेत. एक उचलून दाताखाली धरा. मिरी! मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांत, तिथून अलेक्झांड्रिया, तिथून व्हेनिस, आणि व्हेनिसहून खेचरांच्या पाठीवर आल्प्स ओलांडून ती इथे आली आहे. वखारवाल्याला मलबार कुठे आहे हे ठाऊक नाही, पण भाव तोंडपाठ. शेजारी रेशमाचे गठ्ठे, कापूस, दारूची पिंपं, लिंबं.

नदीवर चला, तिथे जास्त मजा आहे. काठावर ओंडके एकमेकांना बांधून तराफे तयार होतायत. माल चढवला की तराफेवाला पुढे लांब वल्हं घेऊन उभा राहतो आणि इझार त्याला ओढून नेते. म्युनिकला पोचल्यावर माल उतरतो आणि ज्या ओंडक्यांवर तो आला तेही लाकूड म्हणून विकले जातात. परत यायला तराफा उरतच नाही. प्रवाहाविरुद्ध कोण येणार? कुऱ्हाड खांद्यावर टाकून माणूस चालत घरी येतो.

ही चंगळ जवळपास दोनशे वर्षं टिकली, तरी ती पहिल्यापासून उसनी होती. बाजार आला त्यानंतर अकरा वर्षांनी वास्को द गामा कालिकतला उतरला. 1505 मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेल्या आरमारात ऑग्सबुर्गच्या सावकारांचाच पैसा होता, म्हणजे याच रस्त्याच्या उत्तर टोकाला बसून मिरी विकत घेणाऱ्यांचा. व्हेनिसची मिरी एका रात्रीत बंद झाली नाही, ती मोडत-सावरत चालूच राहिली. पण 1618 ते 1648 च्या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मन मुलखातलं गिऱ्हाईकच बसवलं. आणि 1679 मध्ये बाजार पुन्हा बोत्सेनला गेला.

तुम्ही त्याच पेठेत आहात. वखार तीच, गाडीवान तेच, माल मात्र तुरळक.

इथे मातियास क्लोत्स येतो. 1653 चा जन्म, याच गावचा. गावात त्याची कथा अशी सांगतात की हा मुलगा इटलीला गेला, क्रेमोनाला आमाती घराण्याच्या हाताखाली व्हायोलिन बनवायला शिकला, परत आला आणि बुडत्या गावाला तारलं. कागदपत्रं मात्र क्रेमोनाचं नाव काढत नाहीत. ती सांगतात पादुआ: 1672 ते 1678, पिएत्रो रायलिख नावाच्या, ल्यूट हे तंतुवाद्य बनवणाऱ्याचं दुकान, तिथे हा कारागीर. 1680 च्या दशकात तो गावी परतला. एका माणसाने गाव तारलं ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण मला ती पटत नाही. आल्प्सच्या या कडेवरची पोरं आधीपासूनच वाद्यं करायला दक्षिणेला जात होती. पश्चिमेला फ्यूसेनमध्ये तर ल्यूट बनवणाऱ्यांचा संघ 1562 मध्येच झाला होता. माल ज्या वाटेने येई त्याच वाटेने कसब येत-जात होतं. क्लोत्स त्या वाटेवरचा एक हुशार प्रवासी. बाजार गेला, तरी ओळखीपाळखी, कोणत्या मठात वाद्यवृंद आहे याची माहिती आणि पाठीवर ओझं घेऊन डोंगर ओलांडायची सवय गावातच राहिली होती.

आणि लाकूड होतंच. क्लोत्सच्या खिडकीपाशी बसा. समोर स्प्रूसचा ठोकळा आहे, उंचावर आणि थंडीत सावकाश वाढलेला. वलयं इतकी दाट की मोजताना डोळे दुखतात. लाकूड करवतीने कापत नाहीत, आधी फोडतात, म्हणजे धागा अखंड राहतो. फोडलेली पाचर मधोमध चिरून दोन पानं पुस्तकासारखी उघडायची आणि कडेला कड सरसाने चिकटवायची. सरस जनावराच्या कातड्याचा, शेगडीवर मंद तापतोय, वास नकोसा. मग पटाशी, मग अंगठ्याएवढा रंधा. वरची फळी साधारण तीन मिलिमीटरपर्यंत उतरते. कारागीर मध्येच थांबून ती दोन बोटांत धरतो, टिचकी मारतो, ऐकतो, पुन्हा एक बारीक सालपट काढतो. पाठीला मेपल. कडेच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या. सगळं जुळलं की वाद्य दोरीवर टांगून वाळवायचं. परसात कपडे वाळत घालावेत तशी व्हायोलिनं वाऱ्यावर हलतायत.

क्लोत्स 1743 मध्ये वारला तोवर मुलगे, नातू, शेजारी सगळे यात उतरले होते. साल्झबुर्गमध्ये असताना मोझार्ट ज्या व्हायोलिनवर वाजवी ते याच घराण्यातलं मानतात.

7 सप्टेंबर 1786 ची संध्याकाळ. उत्तरेकडून एक बग्गी येते. आतला सदतीस वर्षांचा गृहस्थ सरायवाल्याला आपलं नाव म्योलर सांगतो. तो कवी गटे आहे, वायमारची नोकरी आणि ओळखीचे चेहरे चुकवून इटलीला निघालेला. रात्रभर इथे राहील आणि उद्या संध्याकाळी ब्रेनरवर पोचेल. त्याला घाई आहे, तुम्हाला नाही. तेव्हा पेठेतल्या भिंती बघा. घरांवर संत, देवदूत, खोटे खांब, खोट्या कमानी रंगवलेल्या. फ्रान्झ कार्नर नावाचा इथलाच चितारी अजून कामात आहे. ओल्या चुन्यावर रंग लावायचा आणि गिलावा सुकण्याआधी हात आवरायचा. चुकलं तर खरवडून पहिल्यापासून. चर्चचा मनोराही असाच रंगवलेला. व्यापाराने आणि वाद्यांनी हातात आलेला पैसा या लोकांनी भिंतींवर लावून ठेवला आहे.

1803 मध्ये बिशपचं राज्य संपून गाव बव्हेरियात जातं. एकोणिसाव्या शतकाबद्दल गावात फारसं कौतुकाने बोलत नाहीत, आणि ते साहजिक आहे. आता व्हायोलिन घरोघरी तुकड्यांत बनतं. एका घरात माना, एका घरात फळ्या. मोठे दलाल माल उचलतात, परदेशी पाठवतात आणि भाव तेच ठरवतात. फ्रान्समधलं मिरकूर आणि सॅक्सनीतलं मार्कनॉयकिर्शेन स्वस्तात चढाओढ करतात. दर्जा घसरला तेव्हा राजा दुसऱ्या माक्सिमिलियानच्या काळात, 1858 मध्ये इथे व्हायोलिन बनवण्याची शाळा निघाली. ती आजही चालू आहे. माझ्या मते गावाला तारलं कुणी असेल तर क्लोत्सइतकंच या शाळेने. 1890 मध्ये पुतळा मात्र क्लोत्सचा झाला. शाळेचे पुतळे होत नसतात.

पुतळा घडवणारा फर्डिनांड फॉन मिलर. त्याचा भाऊ ऑस्कर इंजिनिअर, आणि त्याने या खोऱ्याला याहून मोठा धक्का दिला. त्याआधी 1912 मध्ये रेल्वे गावातून इन्सब्रुकपर्यंत गेली. 1924 मध्ये ऑस्करचं वाल्खेनझे वीजकेंद्र सुरू झालं. गावाच्या थोडं उत्तरेला, क्र्युनपाशी, इझारला बांध घालून तिचं पाणी वाल्खेन तळ्यात वळवलं, कारण तिथून खालच्या कोखेल तळ्यापर्यंत दोनशे मीटरचा उतार फुकट मिळतो. बांधाखाली नदीच्या पात्रात कित्येक वर्षं गोटेच उरले. थोडं पाणी सोडण्याची तडजोड झाली ती 1990 मध्ये.

एप्रिल 1945 ची अखेर. इथे थांबायला हवं. डाखाऊच्या छळछावणीतून दक्षिणेकडे हाकललेल्या कैद्यांतले काही या खोऱ्यापर्यंत आलेत, अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. त्याच दिवसांत गावातल्या जर्मन डोंगरी फौजेच्या बराकीत बर्लिनच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं येऊन पडलंय आणि तिथून वाल्खेन तळ्याकाठी पुरायला नेलं जातंय. त्या सोन्याच्या कथा पुढे मिटक्या मारत सांगितल्या गेल्या, कैद्यांच्या नाहीत. 1957 मध्ये गावावरच्या ब्रेंडेन टेकडीवर डोंगरी फौजेचं स्मारक झालं, माजी सैनिक दरवर्षी तिथे जमू लागले. 1943 मध्ये ग्रीसच्या केफालोनिया बेटावर याच फौजेच्या लोकांनी शरण आलेल्या इटालियन सैनिकांची कत्तल केली होती. 2002 पासून काही वर्षं निदर्शकांनी मेळाव्याच्या दिवशी गावात येऊन तो विषय भर पेठेत काढला. रंगवलेल्या भिंतींच्या गावाला ते आवडलं नाही. तो विषय काढायलाच हवा होता.

आता आजच्या दिवसात या. लोकवस्ती सात हजारांच्या वर, दुकानांत टोप्या आणि चॉकलेटं, वखारीच्या जागी पर्यटक. 1967 पासून केबल कार आहे. काही मिनिटांत ती 2244 मीटरवर नेऊन सोडते आणि तिथल्या कड्यावरून चालताना एक पाय जर्मनीत, एक ऑस्ट्रियात पडतो. हॉटेलवाले महामार्गाच्या गर्दीबद्दल कुरकुरतात, गर्दी कमी झाली की त्याबद्दलही.

तराफ्यावर बसायची हौस असेल तर मिटेनवाल्डला काही उपयोग नाही, त्यासाठी खाली वोल्फ्राट्सहाउझेनला जावं लागेल. तिथून मे ते सप्टेंबर तराफे अजून म्युनिकच्या थालकिर्शेनपर्यंत सुटतात. वर बिअरचं पिंप आणि तुताऱ्यांचा बँड असतो. ओंडके मात्र आता विकत नाहीत. ट्रकवर घालून परत वर आणतात, उद्याच्या गिऱ्हाइकांसाठी.