बर्बर कोण?

आपल्या संस्कृत ग्रंथांत ‘बर्बर’ हा शब्द रानटी परकीयांस लाविलेला आढळतो. ग्रीकांच्या ‘बार्बरोस’चा रोखही तोच. आफ्रिकेच्या उत्तर भागांतील एका प्राचीन समाजास हें नांव इतरांनीं चिकटविलें. ते स्वतःस ‘इमाझिगेन’ म्हणवितात व त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणसें’ असा सांगतात.

या लोकांस इतिहास नाहीं असें कोणी समजूं नये. माराकेश वसविणारे अल्मोराविद व त्यांस उलथून टाकणारे अल्मोहद हीं दोन्ही राजघराणीं बर्बरच. इब्न खल्दूननें चौदाव्या शतकांत त्यांचा विस्तृत इतिहास लिहिला. परंतु हे राजे इस्लामच्या नांवानें राज्य करीत आणि त्यांच्याकडील विद्या मुख्यतः अरबींत चाले. हळूहळू गांवेंच्या गांवें अरबी बोलूं लागलीं. म्हणजे आज स्वतःस अरब म्हणविणाऱ्या पुष्कळांचे पूर्वज बर्बरच होत! अमेरिकेंतील मूळ रहिवासी व गोरा वसाहतवाला यांच्यांत जशी रेघ ओढतां येते तशी ती येथें रक्तावरून ओढतां येत नाहीं. ओढावयाची तर भाषेवरून.

फ्रेंचांनीं ती आपल्या सोयीनें ओढिली. अल्जीरियांत १८८१ पासून त्यांनीं अरब व बर्बर दोघांसही ‘आँदिजेन’, म्हणजे एतद्देशीय, ठरवून निराळे शिक्षानियम लादिले. (साहेबाच्या तोंडचा ‘नेटिव्ह’ वाचकांस आठवेलच.) मोरोक्कोंत मात्र १६ मे १९३० च्या फर्मानानें बर्बर टोळ्यांस शरियतीच्या कक्षेंतून काढून रूढीच्या न्यायाखालीं आणिलें. रूढिरक्षण हें निमित्त, दुही हा हेतु. साले व फेझ येथील मशिदींतून निषेधाच्या प्रार्थना झाल्या व राष्ट्रीय चळवळीनें मूळ धरिलें. पण त्याबरोबर एक दुष्ट संशयही रुजला: बर्बर भाषेचें नांव काढणारा तो फ्रेंचांचा हस्तक.

या संशयाची किंमत भाषेनें मोजली. १९४९ मध्यें अल्जीरियाच्या राष्ट्रीय पक्षानें, देश केवळ अरब नव्हे असें म्हणणाऱ्या काबिल तरुणांस बाहेर घालविलें. १९६२ मध्यें स्वातंत्र्य आलें, तरी मार्च १९८० मध्यें तिझी-उझू येथील मुलूद मामेरी यांचें व्याख्यान सरकारनें बंद पाडिलें. विषय होता प्राचीन काबिल कविता! त्यावरून एप्रिलांत सारा काबिल प्रांत पेटला.

पुढें कार्यकर्ते तोच जुना ‘आँदिजेन’ शब्द, आतां हक्काचा म्हणून, संयुक्त राष्ट्रसंघाच्या दारीं घेऊन गेले. मला त्यांच्या पक्षांत पहिल्या वस्तीचा दावा दुबळा वाटतो, भाषेचा भक्कम. मोरोक्कोनें २०११ मध्यें व अल्जीरियानें २०१६ मध्यें या भाषेस राजमान्यता दिली ती राज्यघटनेंत. लिपीचा वाद मात्र मिटलेला नाहीं: मोरोक्कोनें २००३ मध्यें प्राचीन तिफिनाघ स्वीकारली, तर काबिल लेखक बहुधा रोमनच वापरतात.