शस्त्र, शील आणि महाडचा संयम

प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील ग्रहण केलेल्या उपासकाने स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगावे काय? हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. खारघर-पनवेल परिसरात स्थायिक झालेल्या अनेक धम्मबांधवांच्या घरांत कोणी सैन्यात, तर कोणी पोलीस दलात सेवा करीत आहे. आणि त्यांचे आप्त अद्याप गावोगावच्या बौद्धवाड्यांत राहतात. एखाद्या वस्तीवर हल्ला झाल्याची वार्ता येते तेव्हा विहारात पंचशील म्हणणारा तरुण मनातून हाच प्रश्न विचारीत असतो. त्याचे उत्तर शोधण्यास आम्हास फार दूर जावे लागत नाही. ज्या जिल्ह्यात खारघर आहे, त्याच जिल्ह्यात महाड आहे. १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे.

महाडचा विचार करण्यापूर्वी दोन गोष्टींतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. दुसऱ्याने आपल्या हातातील शस्त्र काढून घेणे ही एक गोष्ट, आणि आपण होऊन ते खाली ठेवणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली अवस्था पराधीनतेची आहे. दुसरीत शीलाचा प्रारंभ होतो.

आपल्या पूर्वजांनी पहिली अवस्था पुरेपूर भोगली आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे झालेल्या लढाईच्या स्तंभावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. मुंबई इलाख्याच्या पलटणींत त्यानंतरही अनेक दशके महारांची भरती होत राहिली. दापोली ते महाड या पट्ट्यात निवृत्त महार सैनिक मोठ्या संख्येने राहत असत. सुभेदार रामजी सकपाळ याच परंपरेतील होत. लष्कराने या माणसांच्या हाती केवळ बंदूक दिली नव्हती. शाळा, निवृत्तिवेतन आणि अंगावरील गणवेशाचा मानही दिला होता. पुढे 'लढवय्या जाती' आणि 'बिनलढवय्या जाती' असा भेद सरकारने मानला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. शस्त्र गेले, आणि त्याबरोबर शाळा व प्रतिष्ठाही गेली. तत्पूर्वीच १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सर्वसामान्य हिंदी माणसावर परवान्याचे बंधन आले होते.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त लष्करी होते. त्यांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी इंडिया ऑफिसकडे मांडली. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची गरज भासली, तेव्हा १९१७ साली '१११ महार्स' ही पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. या तीस वर्षांत महार समाज निःशस्त्र होता. पण म्हणून तो अहिंसक होता असे कोणी म्हणेल काय? ज्याच्यापुढे निवडच ठेवलेली नाही, त्याच्या शांततेला अहिंसा म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

या पार्श्वभूमीवर १९ व २० मार्च १९२७ या दोन दिवसांकडे पाहावे. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली. अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी लष्करभरती बंद झाल्याने समाजाची जी हानी झाली, तिचा मुद्दाम उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. लवकरच, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला. जे प्रतिनिधी जेवत होते, जे गावी परतण्याच्या तयारीत होते, त्यांना मारहाण झाली.

त्या दिवशी परिषदेस आलेल्यांत निवृत्त सैनिक अनेक होते. प्रतिकार कसा करावा हे त्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. शेकडो लोक केवळ बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. शांत राहा, शिस्त मोडू नका, असे त्यांनी सांगितले. आणि लढू शकणारी ती माणसे थांबली. हल्लेखोरांविरुद्ध फिर्याद झाली आणि त्यांतील पाच जणांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. आमच्या मते कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासात अहिंसा त्या दुपारी खऱ्या अर्थाने अवतरली; कारण हात उगारण्याचे सामर्थ्य असलेल्यांनी तो आवरला. डिसेंबर १९२७ मध्येही हेच दिसले. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने सत्याग्रहास सिद्ध झालेल्या हजारोंना बाबासाहेबांनी थांबविले. मनुस्मृतीचे दहन झाले. पण माणसावर हात पडला नाही. पुढे दहा वर्षे न्यायालयात झुंज देऊन १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल मिळविण्यात आला.

शस्त्र आणि श्रद्धा यांचा हा पेच केवळ आपल्यापुढे नाही. ख्रिस्ती धर्मातही तो आरंभापासून आहे. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील मॅक्सिमिलियन या तरुणाने, आपण ख्रिस्ती असल्याने सैनिक होऊ शकत नाही, असे सांगून देहदंड पत्करला. इंग्लंडच्या क्वेकर पंथीयांनी १६६० साली राजापुढे युद्धाचा सर्वस्वी त्याग जाहीर केला. तथापि आपल्याला अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेतील निग्रो समाजाचे नेते आणि धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग यांचे आहे. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरी शहरात त्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. पत्नी व तान्ही मुलगी घरात होती. संतप्त लोक हत्यारे घेऊन अंगणात जमले. किंग यांनी त्यांना ती घरी ठेवून येण्यास सांगितले आणि परत पाठविले. मात्र त्या दिवसांत किंग यांच्या स्वतःच्या घरात बंदूक होती. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्जही केला होता, तो अधिकाऱ्यांनी नामंजूर केला. पुढे सहकाऱ्यांशी चर्चा करून त्यांनी घरातील शस्त्र काढून टाकले आणि त्यानंतर भयही कमी झाल्याचे लिहून ठेवले. १९५९ साली ते भारतात आले असता केरळमधील एका शाळेत त्यांची ओळख 'अमेरिकेतील अस्पृश्य' अशी करून देण्यात आली. प्रथम ते चकित झाले. मग ते वर्णन त्यांनी स्वीकारले. नामंजूर झालेल्या परवान्याने किंग अहिंसक झाले नाहीत. जेव्हा त्यांनी आपण होऊन शस्त्र दूर केले, तेव्हा ते झाले.

आता धम्माकडे वळू. शील म्हणजे ईश्वराची आज्ञा नव्हे; ते 'सिक्खापद' आहे, स्वतः होऊन पत्करलेला अभ्यास आहे. तथागतांनी उपासकाला निषिद्ध ठरविलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. परंतु बिंबिसाराचे सैनिक युद्ध टाळण्यासाठी प्रव्रज्या घेऊ लागले, तेव्हा राजसेवेतील सैनिकांस संघात घेऊ नये असा नियम त्यांनीच केला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी याचे मर्म सांगितले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम माणसाला जखडतो. तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळा ठेवते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची अपरिहार्य गरज यांत ते भेद करतात. त्याच ग्रंथातील सिंह सेनापतीला तथागत सांगतात की, शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर न्यायासाठी लढणारा दोषी नाही. मात्र त्याच्या चित्तात द्वेष असता कामा नये.

म्हणूनच बाबासाहेबांच्या कार्यात आम्हास विसंगती दिसत नाही. महाडला लोकांना आवरणाऱ्या बाबासाहेबांनीच महारांच्या लष्करभरतीसाठी आग्रह धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. आणि त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की, आता घटनात्मक मार्ग खुले असल्याने रक्तरंजित मार्ग सोडले पाहिजेत. शस्त्र धारण करण्याचा समान अधिकार हवा, आणि ते न वापरण्याचा विवेकही हवा, असा हा दुहेरी उपदेश आहे.

आजचा कायदाही या प्रश्नास स्पर्श करतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत, अत्याचारप्रवण क्षेत्रातील इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करण्याची, तसेच आवश्यकता भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने देण्याची तरतूद आहे. अशा परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या बांधवास शीलभ्रष्ट म्हणण्याचा अधिकार आम्ही कोणासही देणार नाही. ज्याच्या वस्तीला आग लावली जाते, त्याला सुरक्षित घरात बसून अहिंसा शिकवू नये.

परंतु त्या बांधवास एक गोष्ट आम्ही अवश्य सांगू. महाडला समाजाचे रक्षण लाठीने झाले नाही. ते झाले संघटनेने, फिर्यादीने, दहा वर्षे न सुटलेल्या चिकाटीने, आणि एका शब्दावर थांबू शकणाऱ्या शिस्तीने. परवाना सरकार देईल अथवा नाकारील. ही शिस्त मात्र दररोज स्वतःच कमवावी लागते. घरातील भांडणात, कार्यालयातील अपमानात, मुलांवर उगारलेल्या हातात पहिल्या शीलाची परीक्षा रोज होत असते. जो तेथे हात आवरतो, त्याच्याच संयमाला संकटसमयी अर्थ राहील. आणि ज्याने तेथे तो आवरला नाही, त्याच्या घरात शस्त्र असो वा नसो, ते घर सुरक्षित नाही.