गोठलेल्या टेम्सवरची जत्रा

३१ जानेवारी १६८४ रोजी लंडनमध्ये एक छोटेसे कार्ड छापले गेले. त्यावर इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, त्याची राणी, भाऊ जेम्स आणि राजघराण्यातील आणखी काही जणांची नावे आहेत. शेवटचे नाव तर राजकन्या अ‍ॅनच्या अजून जन्माला न आलेल्या बाळाचे, थट्टेने घातलेले. कार्डाच्या तळाशी छपाईचे ठिकाण दिले आहे: टेम्स नदीवर, बर्फावर.

त्या हिवाळ्यात टेम्स आठवडेच्या आठवडे गोठून राहिली होती. छापखानेवाल्यांनी आपली जड यंत्रे नदीच्या मध्यभागी नेऊन मांडली आणि गिऱ्हाइकाचे नाव छापून देण्याचा धंदा सुरू केला. जॉन एव्हलिन या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की एका नावाला सहा पेन्स घेऊन छापखानेवाला दिवसाला पाच पौंड मिळवीत असावा. त्या काळी पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे एकेका यंत्रापुढे दिवसाला दोनशे माणसे रांग लावीत होती. वर्गात हिशेबाला घालण्यासारखे उदाहरण आहे!

नदीवर पालांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांचे रस्ते झाले. खाणावळी, दारूची दुकाने, खेळण्यांची दुकाने आली. वेस्टमिन्स्टरपासून टेंपलपर्यंत भाड्याच्या घोडागाड्या धावू लागल्या. माणसे बर्फावर घसरत होती, बैलांवर कुत्री सोडण्याचे क्रूर खेळ चालू होते. टेम्सवर अशा जत्रा १६०८ पासून भरत होत्या. अखेरची भरली १८१४ च्या फेब्रुवारीत. त्या वेळी भाजलेल्या मेंढीचा तुकडा ‘लॅपलँडचे मटण’ म्हणून एक शिलिंगला विकला जाई, आणि मेंढी भाजली जाताना नुसती पाहायची असेल तरी सहा पेन्स मोजावे लागत.

चित्रांत ही जत्रा फार रम्य दिसते. पण एव्हलिनने दुसरी बाजूही नोंदली आहे. जळण इतके महाग झाले, की गरिबांना जगवण्यासाठी वर्गणी काढावी लागली. थंड हवेत दगडी कोळशाचा धूर वर चढेना आणि रस्त्याच्या पलीकडचे दिसेनासे झाले. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून धूर कोंडला जातो, हे आज आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. त्याचे तीनशे वर्षांपूर्वीचे हे अचूक वर्णन आहे.

सर्वांत मोठा फटका बसला तो नावाड्यांना. लंडनमध्ये तेव्हा नदीवर एकच पूल होता. पैलतीरी जाण्यासाठी, किंवा शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यासाठीही, माणसे होडीच करीत. नदी गोठली की हा धंदा एका रात्रीत बंद पडे. मग नावाड्यांनी युक्ती काढली. काठाजवळचा बर्फ भरती-ओहोटीने तुटलेला असे. त्या फटीवर फळ्या टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे घेऊ लागले. पाले उभारण्यातही तेच पुढे होते. जत्रेला हौशी लोक आले हे खरे, पण ती उभी राहिली ती पोट बंद पडलेल्या माणसांच्या हातांनी. इतिहासाच्या पुस्तकात राजाचे नाव येते, फळीवाल्याचे येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. टेम्स तेव्हा का गोठत असे आणि आता लंडनमध्ये का गोठत नाही? ‘तेव्हा लघु हिमयुग होते, आता हवामान तापले आहे,’ हे उत्तर बहुतेकांच्या ओठांवर असते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे.

हे तपासण्याचे साधन उपलब्ध आहे. गॉर्डन मॅन्ली या हवामानशास्त्रज्ञाने जुन्या नोंदी चिकाटीने जुळवून मध्य इंग्लंडच्या मासिक सरासरी तापमानाची १६५९ पासूनची मालिका तयार केली. तापमापकावर आधारलेली इतकी लांब मालिका जगात दुसरी नाही. तिच्यात डिसेंबर ते फेब्रुवारीची सरासरी पाहा. १६८३-८४ मध्ये ती उणे १.२ अंश सेल्सिअस होती, संपूर्ण मालिकेतील सर्वांत थंड. १८१३-१४ मध्ये अधिक ०.४ अंश. आणि १९६२-६३ मध्ये उणे ०.३ अंश. म्हणजे जत्रा भरली त्या १८१४ च्या हिवाळ्यापेक्षा १९६३ चा हिवाळा एकूणात अधिक थंड होता, तरी लंडनच्या मध्यभागी टेम्स गोठली नाही. (एकटा जानेवारी घेतला तर मात्र १८१४ चा अधिक थंड ठरतो: उणे २.९ विरुद्ध उणे २.१. सरासरी कशाची, हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.)

तेव्हा हवेखेरीज आणखी काहीतरी बदलले असले पाहिजे. बदलला तो पूल.

१२०९ मध्ये पुरा झालेला जुना लंडन ब्रिज एकोणीस कमानींचा होता. प्रत्येक खांबाच्या पायाभोवती लाकडी खुंट ठोकून आणि आत दगड भरून होडीच्या आकाराचे बांध घातलेले होते. वारंवारच्या दुरुस्तीने ते फुगत गेले. शिवाय १५८२ पासून काही कमानींत पाणी उपसणारी चाके बसली. ओहोटीच्या वेळी पात्राच्या रुंदीपैकी जेमतेम पाव भाग पाण्याला मोकळा राही. पुलाच्या दोन बाजूंच्या पातळीत दीड मीटरहून अधिक फरक पडे. थोडक्यात, हा पूल म्हणजे भोके असलेले एक धरणच होते.

त्याचा परिणाम समजायला पाण्याचा एक गुण आठवावा. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते. संथ पाण्याचा पृष्ठभाग त्याहून थंड झाला, की ते हलके पाणी वरच राहते आणि लवकर गोठते. वाहत्या पाण्यात वर-खाली घुसळण होते, म्हणून तळापासून वरपर्यंतचे सगळे पाणी शून्याजवळ आणावे लागते. पुलाने वरच्या अंगाचा प्रवाह संथ केला, समुद्राचे खारे पाणी वर चढण्यास अडथळा आणला, आणि वरून वाहत येणारे बर्फाचे तुकडे अरुंद कमानींत अडकवले. तुकड्याला तुकडा चिकटून पात्र भरून जाई.

१७५९ मध्ये मधला एक खांब काढून दोन कमानींची एक मोठी कमान करण्यात आली. तरी त्यानंतरही १७८९ आणि १८१४ मध्ये जत्रा भरल्या. १८३१ मध्ये मात्र रुंद, मोजक्या कमानींचा नवा पूल खुला झाला आणि जुना पाडला गेला. पुढे १८७० पर्यंत व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या बांधकामाने पात्र अरुंद झाले, प्रवाह वेगवान झाला. १८९५ च्या कडक फेब्रुवारीत लंडनमध्ये टेम्सवर बर्फाचे तुकडे तरंगत होते, पण सलग थर धरला नाही.

सौर डागांशी या जत्रांचा संबंध जोडण्याची हौसही जुनी आहे. रीडिंग विद्यापीठातील माइक लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नोंदी पुन्हा तपासल्या, आणि जत्रा बंद पडण्याचे श्रेय सूर्यापेक्षा पुलाला व बांधांना अधिक जाते असेच त्यांना दिसले.

आणि १९६३? त्या वर्षी लंडनच्या वर, जिथे भरती पोचत नाही, तिथे टेम्स गोठली होती. ऑक्सफर्डला तर एकाने बर्फावरून मोटार नदीपार नेली.