स्तंभ गेला, चौक उरला

बंगळूरच्या पालिका इमारतीसमोरील हडसन चौकात १९६४ पर्यंत एक स्मृतिस्तंभ उभा होता. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपू सुलतानाकडून बंगळूरचा किल्ला घेतला. त्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांचे ते स्मारक होते. त्याच्यावरूनच शेजारचा रस्ता ‘सेनोटाफ रोड’ म्हणून ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर सतरा वर्षांनी, कन्नड चळवळीच्या मागणीवरून, तो पाडण्यात आला. पालिकेसमोर शहराचा संस्थापक केंपेगौडा याचा पुतळा आला. रस्त्याला पुढे राष्ट्रकूट सम्राट नृपतुंगाचे नाव मिळाले.

या कृतीमागची भावना समजण्यासारखी आहे. जेत्याने आपल्या मृतांसाठी उभारलेला दगड जितांनी आपल्या चौकात का जपावा? तथापि येथे एक प्रश्न उरतोच. तोच किल्ला राखताना टिपूचा किल्लेदार बहादूर खान धारातीर्थी पडला. स्तंभ उभा असताना चौक त्याचा नव्हता. स्तंभ गेल्यावरही तो त्याचा झाला नाही. जेत्याची बढाई पुसली गेली, पण तिच्याबरोबर तो वेढाही लोकस्मृतीतून ओसरला. पाडलेल्या स्मारकाच्या जागी सत्य आपोआप उगवत नाही. बहुधा दुसरे, अधिक सोयीचे स्मरण येते.

ही सोय केवळ बंगळूरकरांची नाही, आपलीही आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या. १७९२ च्या तहात टिपूचे निम्मे राज्य गेले आणि त्यात पुणे दरबारालाही वाटा मिळाला. दरम्यान पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला होता. मठाच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने मदत पाठवली. त्याची स्वामींना लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये उजेडात आली. हा प्रसंग मराठी मनाला अडचणीचा वाटतो, म्हणूनच तो आठवला पाहिजे.

तसे न झाल्यास काय होते, हे डिसेंबर २०२१ मध्ये दिसले. बंगळूरच्या सदाशिवनगरातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला काळे फासले गेले, आणि बेळगावात संगोळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. शिवाजी महाराजांचे निधन १६८० चे. इंग्रजांशी लढणारा रायण्णा फासावर गेला तो १८३१ मध्ये. दोघांमध्ये दीड शतकाचे अंतर आहे. वैर त्यांचे नव्हते. ते १९५६ च्या प्रांतरचनेने मागे ठेवलेल्या सीमेचे होते. पुतळ्यांना फक्त ते वाहावे लागले.

पाडण्याखेरीज अन्य मार्गही असतात. बुडापेस्टने साम्यवादी राजवटीचे पुतळे शहराबाहेरच्या एका उद्यानात नेले, ते १९९३ मध्ये खुले झाले. बंगळूरनेही २०२० मध्ये कमिशनर मार्क कबनचा पुतळा उच्च न्यायालयासमोरून हलवून त्याच्याच नावाच्या उद्यानात ठेवला. पण मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरातील शिलालेखाला हलवावे असे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ मध्ये देवस्थानाला दिलेल्या गावाची ती नोंद आहे. भोसल्यांची जहागीर गेली, त्यानंतर कितीतरी राजवटी बदलल्या. देवळातला दिवा मात्र तेवत राहिला. त्या दगडावर काय जिंकले याचा नव्हे, काय दिले याचा उल्लेख आहे. त्याच्या दीर्घायुष्याचे कारण कदाचित एवढेच असावे.