घाटमाथ्यावरील सायकलींचे देवालय

जेथे घाटरस्ता आहे तेथे बहुधा घाटाची देवताही असते. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे, इगतपुरीजवळ थळघाटाच्या माथ्याशी घाटनदेवी आहे, आणि गोव्यात तर गावोगावच्या सीमेवर राखणदार उभा आहे. वाट अवघड झाली की माणसाचे हात आपोआप जुळतात. त्या जुळण्यात भय किती आणि कृतज्ञता किती, याचा निवाडा करण्याचा आमचा विचार नाही. इटलीतील एका घाटाची आणि त्याच्या माथ्यावरील एका लहानशा देवालयाची हकीकत मात्र वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. कारण देवाला काय वाहावे, आणि वाहिल्यावर ते कोणाचे होते, हा आपल्याकडील जुना प्रश्न तेथे अगदी निराळ्या रूपाने उभा राहतो.

उत्तर इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी कोमो नावाचे सरोवर आहे. ते मध्यावर दुभंगून दोन फाटे दक्षिणेकडे गेले आहेत, आणि त्या बेचक्यात बेल्लाजो हे गाव वसले आहे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर. गावातून निघालेला रस्ता सुमारे दहा किलोमीटरांत ७५४ मीटर उंचीवरील गिझाल्लो खिंडीस पोहोचतो. आकडे ऐकून चढ फारसा वाटत नाही. पण तो सारखा नाही. पहिल्या चार किलोमीटरांत रस्ता वळणांमागून वळणे घेत झाडीतून सरळ अंगावर येतो. मध्ये थोडा सपाट होऊन सायकलस्वारास फसवा दिलासा देतो. आणि अखेरीस पुन्हा उभा राहतो. मागे वळून पाहावे तो खाली निळे पाणी आणि समोर ग्रिन्या पर्वताचे उघडे कडे. परंतु चढ चढणाऱ्याला हे वैभव पाहण्याची सवड नसते. ते माथ्यावर पोहोचलेल्यासाठी राखून ठेवलेले आहे.

माथ्यावर मेरीमातेचे एक छोटे मंदिर आहे. आख्यायिका अशी की, मध्ययुगात गिझाल्लो नावाच्या एका सरदारास येथे लुटारूंनी घेरले. त्याने वाटेवरील मातेच्या प्रतिमेकडे धाव घेतली आणि तो वाचला. तेव्हापासून ती वाटसरूंची रक्षणकर्ती ठरली. लोम्बार्दियाची सायकल शर्यत १९०५ साली सुरू झाली आणि १९१९ मध्ये ती प्रथम या घाटातून गेली. तेव्हाचे रस्ते मातीचे. शर्यतीच्या सायकलींना आजच्यासारखी गिअर बदलण्याची सोय नसे. मागचे चाक काढून उलट बाजूने बसविले की दुसरे दातेरी चक्र कामास येई. अशा वाहनावर हा चढ चढणाऱ्याने माथ्यावरील मातेस नमस्कार केला असेल, तर त्यात आश्चर्य ते कसले?

दुसऱ्या महायुद्धानंतर येथील धर्मगुरू एर्मेलिंदो विगानो यांच्या मनात आले की, या मातेस सायकलस्वारांची अधिष्ठात्री म्हणून मान्यता मिळावी. १९४८ साली पोप बारावे पायस यांनी आशीर्वाद दिलेली ज्योत सायकलस्वारांनी हातोहात या माथ्यावर आणली, आणि १९४९ साली पोपांनी ती मान्यता दिली. ज्योत वाहणाऱ्यांत जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी हे दोघेही होते. या दोन नावांनी त्या काळी इटलीचे दोन तट पडले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ज्योतीचे मोल कळते.

बार्ताली हा निष्ठावान कॅथलिक. फ्रान्सची महाशर्यत त्याने १९३८ साली जिंकली आणि युद्धाने गिळलेल्या वर्षांनंतर १९४८ साली पुन्हा जिंकली. त्या वर्षी १४ जुलै रोजी इटलीचे साम्यवादी पुढारी तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि देश यादवीच्या उंबरठ्यावर आला; बार्तालीच्या विजयाने यादवी टळली, असे लोक मानतात. वकिलाच्या नात्याने आम्हांला हा पुरावा अपुरा वाटतो. जखमी पुढाऱ्याने स्वतः अनुयायांना शांत राहण्यास सांगितले होते, आणि एवढी मोठी गोष्ट एका कारणाने घडत नाही. त्याची दुसरी हकीकत अधिक मोलाची आहे. १९४३-४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील इटलीत, सरावाच्या मिषाने लांब लांब दौडी करीत, सायकलीच्या पोकळ नळ्यांत बनावट ओळखपत्रे लपवून त्याने यहुदी लोकांच्या सुटकेस हातभार लावला. हयातीत त्याने या गोष्टीचा गाजावाजा होऊ दिला नाही. तो २००० साली निवर्तला. २०१३ साली इस्राएलने त्याचा मरणोत्तर गौरव केला. अलीकडे काही इतिहासकारांनी या हकीकतीच्या तपशिलांवर शंका घेतल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. गुप्तपणे केलेल्या सत्कृत्याचा दस्तऐवज सहसा मागे राहत नाही.

कोप्पीची तऱ्हा वेगळी. युद्धात तो उत्तर आफ्रिकेत इंग्रजांचा कैदी झाला. परत आल्यावर १९४६ पासून सलग चार वेळा आणि पुन्हा १९५४ साली त्याने लोम्बार्दियाची शर्यत जिंकली. विवाहित असता एका विवाहित स्त्रीशी संबंध ठेवल्यावरून १९५५ साली त्याच्यावर खटला झाला. इटलीत तेव्हा व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता. न्यायालयाने त्याला थोड्या मुदतीची कैद सांगून ती तहकूब ठेवली. धर्माधिकाऱ्यांनीही त्याची निर्भर्त्सना केली. १९६० च्या आरंभी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो हिवतापाने गेला.

आज त्या मंदिरात दोघांच्याही सायकली आहेत. भिंतींवर, छताखाली, जागा मिळेल तेथे विजेत्यांच्या सायकली आणि रंगीबेरंगी सदरे टांगलेले आहेत. धर्मनिष्ठाची सायकल आत घ्यावी आणि कोर्टात दोषी ठरलेल्याची बाहेर ठेवावी, असा भेद तेथे झाला नाही. आपल्या देवळांचे कज्जे आयुष्यभर पाहिलेल्या आम्हांस या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. कोणाचा मान पहिला, कोणाची ओटी आधी, कोणास गर्भागाराच्या पायरीपर्यंत येऊ द्यावे, यावरून आपल्याकडे भावाभावांनी वकीलपत्रे दिली आहेत.

कायद्याचीच गोष्ट निघाली आहे, म्हणून आणखी थोडे सांगतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली कुटुंबाच्या दाव्यात हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, केवळ जंगम चीजवस्तू नव्हे, असा निर्णय दिला. देवाला विधिपूर्वक अर्पण केलेल्या वस्तूवरील दात्याचा हक्क संपतो. ती देवाची होते. गिझाल्लोच्या मंदिरास आपला कायदा लागू नाही हे उघड आहे. तथापि जिंकलेल्या माणसाने आपले वाहन देवापुढे ठेवावे, यातील भाव आपल्याला परका नाही. नवस फेडणारा हेच म्हणतो: यश तुझे होते, ते तुला परत केले.

पण तेथे एक सायकल अशी आहे की, तिला हा न्याय लावता येत नाही. कोमो प्रांतातील फाबिओ कासार्तेल्ली या तरुणाने १९९२ साली बार्सिलोना येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. १८ जुलै १९९५ रोजी फ्रान्सच्या महाशर्यतीत पिरेनीज पर्वतातील एका घाटाच्या उतारावर तो पडला आणि मरण पावला. वय २४. घरी पत्नी आणि तान्हे मूल. दुसऱ्या दिवशी कोणी शर्यत केली नाही. सारे संथ गतीने एकत्र चालले आणि त्याच्या चमूतील सोबत्यांना पुढे होऊन रेषा ओलांडू दिली. त्या अपघातातील त्याची सायकल आज गिझाल्लोच्या मंदिरात आहे.

ही सायकल कोणत्या सदरात नोंदवावी? नवस फिटला म्हणून ती आलेली नाही. रक्षणकर्त्या मातेने याचे रक्षण केले नाही, ही गोष्ट ती रोज त्या मातेच्या समोरच सांगत आहे. एखाद्या धूर्त कारभाऱ्याने ती आत येऊच दिली नसती. तेथील लोकांनी ती आत आणली आणि विजेत्यांच्या सायकलींजवळ ठेवली. आम्हांला वाटते, देवालयाची खरी कसोटी येथेच लागते. मिळालेल्या गोष्टीबद्दलचे आभार कोणतेही देऊळ स्वीकारते. न मिळालेल्या गोष्टीबद्दलची तक्रारही जेथे देवापुढे ठेवता येते, ते स्थान जागृत म्हणावे.

शर्यतीत ज्याचे स्थान मोठे त्या फियोरेन्झो मान्यी याच्या पुढाकाराने मंदिराशेजारी २००६ साली सायकलींचे संग्रहालय उघडले. तेथे इतिहास नीट मांडलेला आहे. मंदिरात मात्र दाटीच आहे. शरद ऋतूत शर्यत या वाटेने येते तेव्हा मंदिराच्या घंटा वाजू लागतात. पुढे असलेल्यासाठी त्या वाजतात आणि सर्वांच्या मागून, धापा टाकीत येणाऱ्यासाठीही वाजतात. त्यांच्या नादात कासार्तेल्लीचाही वाटा असावा, असे मानण्यास कायद्याची हरकत नाही.